पौर्वात्य आणि पाश्चात्य तत्त्वज्ञानाची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तत्त्वज्ञानाच्या वर्गात, व्याख्यान संपल्यावरच्या गप्पांत, विद्यार्थ्यांच्या निरोपांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांत भर भारत आणि युरोप यांच्यावर आहे, कारण मी शिकवतो ते हेच. चीन, जपान किंवा अरबी परंपरा कमी महत्त्वाच्या आहेत असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

भारतीय तत्त्वज्ञान आध्यात्मिक आणि पाश्चात्य तत्त्वज्ञान तार्किक, हे खरं आहे का?

खरं नाही, आणि या एका समजुतीने जेवढं नुकसान केलं आहे तेवढं दुसऱ्या कशानेच केलेलं नाही. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेश उपाध्यायांनी लिहिलेला 'तत्त्वचिंतामणी' उघडून पाहा. त्याचे चार खंड आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. म्हणजे अख्खा ग्रंथ एकाच प्रश्नावर आहे: एखादी गोष्ट आपल्याला कळली असं कधी म्हणायचं? त्याआधी दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी नैयायिकांशी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांशी, जो वाद घातला, तोही बहुतेक याच प्रश्नावर. उलट युरोपात प्लोटायनस, माइस्टर एकहार्ट यांच्यासारखे गूढवादी आहेत. एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस यांच्यासाठी तर तत्त्वज्ञान म्हणजे रोजचा मनाचा अभ्यासच होता.

न्यायसूत्रांचं पहिलंच सूत्र सोळा पदार्थांच्या यथार्थ ज्ञानाने निःश्रेयस, म्हणजे परम कल्याण, मिळतं असं सांगतं, हे मान्य. मोक्षाची चौकट आहेच. पण चौकट मोक्षाची आहे म्हणून आतला युक्तिवाद भक्तीचा होत नाही. टॉमस अक्वायनसची चौकट ख्रिस्ती होती, तरी त्याचे युक्तिवाद आपण युक्तिवाद म्हणूनच तपासतो.

ही समजूत टिकली, कारण ती दोन्ही बाजूंना सोयीची होती. हेगेलसारख्यांना खरं तत्त्वज्ञान ग्रीसमध्ये सुरू झालं असं मांडायचं होतं. इकडे पारतंत्र्यात आपल्यालाही 'विज्ञान तुमचं, अध्यात्म आमचं' या वाटणीत दिलासा मिळाला. त्या दिलाशाची किंमत म्हणून धर्मकीर्ती आणि गंगेश आपल्याच लोकांना परके झाले.

मग 'पूर्व' आणि 'पश्चिम' हे शब्द सोडून द्यायचे का?

ग्रंथालयातलं कपाट शोधायला ते उपयोगी आहेत. त्यापलीकडे त्यांच्यावर भार टाकू नये. इब्न रुश्दचा जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा, इब्न सीनाचा बुखाऱ्याजवळचा. दोघेही अॅरिस्टॉटलचे थोर वाचक. अरबीतून लॅटिनमध्ये झालेल्या भाषांतरांशिवाय मध्ययुगीन युरोपातला अॅरिस्टॉटल समजत नाही. या दोघांना कोणत्या बाजूला बसवणार? 'पूर्व' म्हणून आपण चीनचा कन्फ्यूशियस आणि भारतातला बौद्ध आचार्य नागार्जुन यांना एका ओळीत उभं करतो, पण कन्फ्यूशियसचा विषय माणसामाणसांतले संबंध, शिष्टाचार आणि राज्यकर्त्याचं शील, तर नागार्जुन कोणत्याही वस्तूला स्वतःचा असा स्वभाव आहे का हे विचारतो. घरात, समाजात नीट वागता वागता माणूस घडतो, असं मानणारा कन्फ्यूशियस मला कित्येकदा नागार्जुनापेक्षा अॅरिस्टॉटलच्या जवळचा वाटतो.

तुलना नेमकी कशाची करावी?

प्रश्नांची आणि त्यांवरच्या युक्तिवादांची. 'भारतीय मन' आणि 'पाश्चात्य मन' यांची करू नये. एक प्रश्न घ्या, दोन्हीकडे त्यावर कोण काय म्हणालं ते पाहा, आणि कुणाचा मुद्दा कुठे अडतो ते शोधा. आपल्याकडे यासाठी उत्तम शिस्त आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा, तोही इतक्या ताकदीने की प्रतिपक्ष म्हणेल, 'हो, हेच म्हणायचं होतं मला.' मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. ही शिस्त पाळली तर तुलनेतले निम्मे घोटाळे होतच नाहीत. पुढच्या तीन-चार उत्तरांत तसंच करून पाहू.

न्यायाचं अनुमान आणि अॅरिस्टॉटलचा सिलॉजिझम एकच आहेत का?

दिसायला सारखे, कामाला वेगळे.

न्यायाची पाच वाक्यं अशी. प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. हेतू: कारण धूर आहे. उदाहरण: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन: म्हणून डोंगरावर अग्नी आहे. अॅरिस्टॉटलचा सिलॉजिझम मात्र तीन विधानांत आटोपतो: सर्व माणसं मर्त्य, सर्व ग्रीक माणसं, म्हणून सर्व ग्रीक मर्त्य. एकोणिसाव्या शतकात कोलब्रुक या इंग्रज संस्कृत अभ्यासकाच्या निबंधांमुळे न्यायदर्शन युरोपात पोहोचलं, तेव्हापासून दोन्हीची जोडी लावायची सवय पडली. न्यायातली दोन वाक्यं फाजील आहेत, असा शेराही मग ओघाने आला.

पण पाच वाक्यं का, हे न्यायाने स्वतःच सांगितलं आहे. स्वतःच्या मनात अनुमान करताना (स्वार्थानुमान) त्यांची गरज नसते. समोरच्याला पटवायचं असतं तेव्हा (परार्थानुमान) ती लागतात. वादात प्रत्येक वाक्य श्रोत्याची एक वेगळी अपेक्षा भागवतं.

मोठा फरक पुढेच आहे. अॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रात आकार बरोबर असेल तर विधानं खोटी असूनही युक्तिवाद वैध राहतो. 'सर्व मासे उडतात, सर्व गायी मासे आहेत, म्हणून सर्व गायी उडतात' हा वैध आहे. नैयायिक याला अनुमानच म्हणणार नाही, कारण यातून ज्ञान होत नाही. त्याचा रस ज्ञान कसं घडतं यात आहे. म्हणून त्याच्या हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या हेतूंच्या, यादीत आकाराच्या चुका कमी आणि हेतू फसण्याच्या जागा जास्त.

उपाधीचा विचार पाहा. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे चालतं. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे का चालत नाही? नैयायिक भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालभडक गोळा दाखवतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग तो विचारतो, धूर नेमका कशामुळे येतो? ओल्या इंधनामुळे. अग्नीला ओल्या लाकडाची जोड मिळाली की धूर. ही जोड म्हणजे उपाधी, आणि ती जिथे लपलेली असते तिथे व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' हा नियम, खोटी ठरते. आजचा संशोधक दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिसरं लपलेलं कारण शोधतो. नैयायिकाची उपाधी त्या शोधाच्या फार जवळ जाते. अॅरिस्टॉटलच्या सिलॉजिझममध्ये याला जोड नाही. उलट अॅरिस्टॉटलने कोणते आकार वैध आणि कोणते नाहीत याचा जसा पद्धतशीर छडा लावला, तसा न्यायात नाही. दोघांचं बलस्थान वेगळं आहे, आणि वर-खाली लावायची घाई केली की दोन्ही बलस्थानं नजरेतून सुटतात.

चार्वाक आणि ह्यूम यांचं म्हणणं एकच होतं का?

प्रश्न जवळजवळ एकच, आणि माझ्या मते सगळ्या तुलनेत सर्वात श्रीमंत जागा हीच.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ च्या 'ट्रीटीज' या ग्रंथात आणि पुन्हा १७४८ मध्ये विचारलं: आजवर विस्तवाने चटका दिला म्हणून उद्याही देईल, हे कशावरून? 'निसर्ग एकसारखा वागतो म्हणून' असं म्हणाल, तर तेही अनुभवावरूनच शिकलेलं, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त, म्हणजे चौदाव्या शतकात, चार्वाकाच्या तोंडी हाच पेच आहे. व्याप्ती प्रत्यक्षाने कळत नाही, कारण भूत आणि भविष्यातले धूर-अग्नी डोळ्यांपुढे नाहीत. अनुमानाने कळते म्हणाल, तर त्या अनुमानाला पुन्हा व्याप्ती लागेल, आणि याला अंत नाही.

खरी गंमत उत्तरांत आहे. ह्यूमचं उत्तर मनाच्या घडणीबद्दल आहे: आपण असं मानतो ते सवयीमुळे, तर्कामुळे नव्हे. संशयाने घेरल्यावर मित्रांबरोबर जेवतो, बॅकगॅमन खेळतो आणि संशय विरून जातो, असं तो लिहितो. संशय विरतो, पण त्याला उत्तर मिळालेलं नसतं.

दहाव्या-अकराव्या शतकातले नैयायिक उदयनाचार्य 'न्यायकुसुमांजली'त एक पाऊल पुढे टाकतात. दुसऱ्या काळी, दुसऱ्या देशी अपवाद असेल अशी शंका घेणाऱ्याला तो काळ आणि तो देश तरी कुठून कळला? अनुमानानेच. म्हणजे शंका असेल तर अनुमान आहेच, आणि शंका नसेल तर प्रश्नच मिटला. पुढे ते म्हणतात, 'व्याघातावधिराशङ्का', शंका चालते ती व्याघातापर्यंतच. अग्नीपासून धूर होतो की नाही याची शंका घेणारा माणूस धूर हवा असला की अग्नीच पेटवायला धावतो. त्याची कृती त्याच्या शंकेला खोटं पाडते.

बाराव्या शतकात अद्वैत वेदान्ती श्रीहर्षांनी उदयनाचाच श्लोक घेतला, मोजके शब्द बदलले आणि तो त्यांच्यावरच उलटवला. व्याघात म्हणजे शंका आणि वर्तन यांचा विरोध. मग व्याघात आहे म्हणताना तुम्ही शंका आहे हे कबूलच केलंत. शंकेवर उभा असलेला व्याघात शंकेला कसा थांबवणार? त्यावर गंगेशाचं उत्तर असं की शंकेला अडवतो तो 'व्याघात' नावाचा वेगळा पदार्थ नाही, माणसाची स्वतःची कृतीच अडवते. भूक भागवायला जेवणाकडे हात जातो तेव्हा 'जेवणाने भूक भागेल का' ही शंका त्या क्षणी असूच शकत नाही.

तीन-चारशे वर्षं चाललेला हा एक वाद. ह्यूम वर्तनाकडे बोट दाखवून म्हणतो, आपण असेच घडलो आहोत. न्याय तेच वर्तन युक्तिवादात आणतो. गंगेशाने प्रश्न पूर्ण सोडवला असं मला वाटत नाही, कारण 'शंका येत नाही' आणि 'शंकेला जागा नाही' यांतलं अंतर शिल्लक राहतं. पण ह्यूम शिकवताना ही देवघेव न शिकवणं म्हणजे विद्यार्थ्याचं नुकसान करणं.

बौद्धांचा अनात्मवाद आणि ह्यूमचा 'स्व' यांचं काय?

इथेही साम्य लगेच डोळ्यांत भरतं. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे आस का? चाकं का? दांडी का? यांतलं एकही रथ नाही आणि यांच्याबाहेरही रथ नाही. तसंच 'नागसेन' हे नुसतं व्यवहाराचं नाव. ह्यूम म्हणतो, मी स्वतःच्या आत शिरून पाहतो तेव्हा उष्णता, प्रकाश, प्रेम, द्वेष असं काहीतरी सापडतं. 'मी' कधी सापडत नाही.

हेतू मात्र दूरचे. नागसेनाला 'मी'ची पकड सुटून दुःख थांबायला हवं आहे. ह्यूमला मानवी मनाचं शास्त्र हवं आहे, आणि 'ट्रीटीज'च्या परिशिष्टात तो स्वतःच आपल्या मांडणीवर असमाधानी आहे.

तुलना इथेच थांबवली जाते याचं मला वाईट वाटतं, कारण भारतात या मताला नैयायिकांनी दिलेली उत्तरं फार चांगली आहेत. जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच आता हाताने धरलं आहे, असं आपल्याला कळतं. डोळा आणि त्वचा तर वेगळी. मग दोन्ही अनुभव जोडणारा कोण? आणखी एक दाखला आंबट फळाचा. समोर कैरी दिसली, नुसता रंग पाहिला किंवा वास आला, तरी तोंडाला पाणी सुटतं. पाहिलं डोळ्याने, पाझरली जीभ. आठवण ज्याची तो पाहणारा आणि चाखणारा एकच असायला हवा. यावर बौद्ध संततीची, म्हणजे क्षणांच्या सलग प्रवाहाची, कल्पना पुढे करतात, मागचा क्षण पुढच्या क्षणाला संस्कार देऊन जातो असं म्हणतात, आणि वाद शतकानुशतकं पुढे जातो.

कुणी कुणाकडून घेतलं?

सिद्ध करता येतील अशा गोष्टी थोड्या आहेत. ग्रीक संशयवादी पिर्रो सिकंदराच्या स्वारीबरोबर भारतात आला आणि इथल्या नग्न साधूंना भेटला, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनिस लाएर्शियस सांगतो. पिर्रोच्या संशयवादात भारताचा वाटा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मिलिंद म्हणजे इंडो-ग्रीक राजा मिनँडर, पण त्या संवादात ग्रीक तत्त्वज्ञान शोधू गेलं तर हाती फारसं लागत नाही.

स्पष्ट दिसणारा प्रवास उपनिषदांचा. दारा शुकोहने १६५७ मध्ये पन्नास उपनिषदांचं फारसी भाषांतर पूर्ण करवलं. त्यावरून आंकतिल-द्युपेराँ या फ्रेंच अभ्यासकाने लॅटिन भाषांतर केलं, ते १८०१-०२ मध्ये छापलं गेलं आणि १८१४ मध्ये शोपेनहाउअरच्या हाती आलं. संस्कृत ते फारसी, फारसी ते लॅटिन, आणि लॅटिनमधून जर्मन तत्त्वज्ञानात. एका मुघल शाहजाद्याविना हे घडलं नसतं.

बाकी ठिकाणी सारखेपणा दिसला की उसनवारी झाली असं धरू नये. दोन बुद्धिमान माणसं एकाच प्रश्नाला भिडली तर सारख्या जागी पोहोचू शकतात.

आपल्या पूर्वजांनी अणू आधीच शोधला होता ना?

कणादाच्या वैशेषिक दर्शनाचा परमाणुवाद तर्काने उभारलेला आहे. वस्तू विभागत गेलो आणि कुठेच थांबलो नाही, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा दोघांचे भाग अनंत होतील आणि दोघांच्या आकारातला फरक सांगता येणार नाही. म्हणून न विभागणारा परमाणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगणारा कण म्हणजे डोळ्याला दिसणारं हे त्र्यणुक. पृथ्वीच्या परमाणूला गंध आहे, जलाच्या परमाणूला शीतस्पर्श. ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटसच्या अणूला आकार आहे, पण चव, रंग, वास नाही. या दोन अणूंची तुलना मनोरंजक आहे. रसायनशास्त्रज्ञ डाल्टनचा अणू मात्र तिसऱ्याच घरचा: तो रासायनिक संयोगातल्या वजनांच्या मोजणीतून आला. कणादाला डाल्टन ठरवलं की कणादाने काय युक्तिवाद केला हे वाचायची गरजच उरत नाही.

गीतेचं निष्काम कर्म आणि कांटचं कर्तव्य यांत साम्य आहे का?

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख 'गीतारहस्या'मुळे आहे. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांच्याशी गीतेची तुलना जागोजागी आहे, आणि मराठीत इतक्या गांभीर्याने ती करणारं पुस्तक त्याआधी नव्हतं. फळाकडे न पाहता करायचं, एवढं साम्य आहेच. पण काय करायचं हे कसं ठरतं? कांट म्हणतो, तुमचा नियम सर्वांसाठी कायदा व्हावा असं तुम्हाला वाटेल का ते पाहा. तिथे माणूस कोणत्या घरी जन्मला याचा संबंध नाही. गीतेत स्वधर्म येतो, आणि त्याच्याबरोबर वर्ण येतो. लोकसंग्रहाच्या, म्हणजे समाजाची घडी सांभाळण्याच्या, कल्पनेने टिळक ही दरी बुजवू पाहतात. ती पूर्ण बुजते असं मला वाटत नाही.

तुलना करताना जात आणि गुलामगिरी यांचं काय करायचं?

झाकायची नाही. अॅरिस्टॉटल काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात असं म्हणतो. कांटने वंशांबद्दल लिहिलेलं वाचवत नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातलं अपशूद्राधिकरण शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारतं, आणि हे सर्वत्र एकच ब्रह्म सांगणाऱ्या भाष्यात आहे. तत्त्वाचा आणि या निष्कर्षाचा मेळ कसा बसतो, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे.

महाराष्ट्रात तो विचारणाऱ्यांनी दोन्ही परंपरा हाताळल्या. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला होता. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी, आणि 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी हे ऋण उघड नोंदवलं. पुढे १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी ठामपणे सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. तौलनिक तत्त्वज्ञान म्हणजे काय, हे एखाद्याला दाखवायचं असेल तर मी आधी बाबासाहेबांकडे बोट दाखवेन.

आपल्याकडे असं काम प्रत्यक्ष कुठे झालं?

अमळनेरला. प्रतापशेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. खानदेशातल्या त्या गावात कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास यांच्यासारखे लोक कांट आणि शंकर शेजारी ठेवून वाचत होते. तिथून निघणारं 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' देशभर वाचलं जाई.

दुसरी घटना पुण्यातली, १९८३ ची. दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पारंपरिक नैयायिक पंडित आणि इंग्रजीत काम करणारे तत्त्वज्ञ समोरासमोर बसले. विषय होता बर्ट्रांड रसेलचा विधानाविषयीचा विचार. तो संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवला गेला: न्यायाला हे पटतं का? न्यायात ज्ञानापासून सुटं असं 'विधान' नसतंच. सत्य किंवा असत्य असतं ते ज्ञान. म्हणजे रसेलला जे उघड वाटत होतं तेच इथे सिद्ध करून दाखवायची वेळ आली. याच उपक्रमातून पुढे बदरीनाथ शुक्ल यांच्यासारख्या ज्येष्ठ नैयायिकाने न्यायाच्या चौकटीत वेगळा आत्मा न मानता देहावरच भागेल का, हे मांडून पाहिलं. न्यायाचे गाढे पंडित आपल्याच दर्शनाचा एक खांब काढून पाहतात, हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

संस्कृत किंवा ग्रीक येत नाही. सुरुवात कुठून करू?

मराठीतून करा. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' छोटा आहे आणि मराठी विवरणासह मिळतो. तो संथपणे वाचा, अनुमानाचा भाग दोनदा. त्याच्या जोडीला प्लेटोचे सॉक्रेटिसविषयीचे छोटे संवाद घ्या. कुठे अडलं तर वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' काढा, त्याचे तीन खंड मोठ्या ग्रंथालयांत असतात. 'भारतीय विरुद्ध पाश्चात्य' असे तक्ते देणारी परीक्षेची मार्गदर्शकं निदान पहिलं वर्षभर बाजूला ठेवा. आणि शक्य असेल तर वाचायला एक जोडीदार शोधा. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक उतारा, एकाने पूर्वपक्ष मांडायचा आणि दुसऱ्याने उत्तरपक्ष. पुढच्या आठवड्यात बाजू बदलायच्या.